कोण काय खातो आणि त्याने काय घडते : तृणभक्षी, मांसभक्षी व मिश्राहारी प्राण्यांचे निसर्गातील कार्य

प्राथमिक शाळेत ‘प्राण्यांचे अन्न’ हा पाठ शिकविताना सामान्यतः फळ्यावर तीन रकाने आखले जातात. पहिल्यात गाय, म्हैस, शेळी, ससा. दुसऱ्यात वाघ, सिंह, लांडगा. तिसऱ्यात कावळा, कुत्रा, अस्वल. मुले ही यादी पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात आणि पुढच्या इयत्तेत जाताना विसरून जातात. यात मुलांचा दोष नाही. कोणता प्राणी काय खातो एवढेच त्यांना सांगितले गेले. त्याच्या खाण्यामुळे इतरांचे काय होते, आणि तो नाहीसा झाला तर काय होईल, हे सांगितले गेले नाही. वास्तविक पाठाचा गाभा तेथेच आहे. खेड्यातील शिक्षकास या विषयासाठी प्राणिसंग्रहालयाची अथवा चित्रांच्या तक्त्याची गरज नाही. शाळेमागचा बांध, गावाचे गायरान, ओढा आणि उकिरडा एवढे साहित्य प्रत्येक गावी विनामूल्य उपलब्ध आहे.

अन्नाची साखळी व तिचे मूळ

सर्व प्राण्यांच्या अन्नाचे मूळ हिरव्या वनस्पतीत आहे. सूर्याचा प्रकाश, हवेतील कर्बवायू आणि जमिनीतील पाणी यांपासून अन्न तयार करण्याची किमया केवळ हिरव्या पानास साधते. म्हणून वनस्पतींना उत्पादक म्हणतात. प्राणी हे सर्व उपभोक्ते होत. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्यास बेडूक खातो, बेडकास साप खातो व सापास मोर किंवा गरुड खातो. या क्रमास अन्नसाखळी हे नाव आहे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली आपल्या ग्रंथात ही कल्पना सविस्तर मांडली. सजीव आणि त्यांच्या सभोवतीची माती, पाणी, हवा यांचा मिळून जो संसार चालतो, त्यास आज परिसंस्था म्हणतात. या अर्थाचा इंग्रजी शब्द १९३५ साली आर्थर टॅन्स्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने योजिला.

प्रत्यक्षात अशी एकच सरळ साखळी क्वचितच आढळते. नाकतोड्यास बेडकाप्रमाणेच सरडा, साळुंकी आणि कोंबडीही खाते. साप बेडकाबरोबर उंदीरही खातो. अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून जे विणले जाते ते अन्नजाळे होय. घोंगडीचा एक धागा तुटला तर घोंगडी लगेच फाटत नाही. परंतु तेथून ती विरू लागते. अन्नजाळ्याचेही तसेच आहे.

येथे मुलांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : रानात हरणे पुष्कळ आणि लांडगे मोजकेच, असे का? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दिले. प्राणी जे अन्न खातो त्यातील बहुतेक भाग त्याच्या चालण्या-पळण्यात, श्वासोच्छ्वासात व अंग उबदार ठेवण्यात खर्च होतो. काही भाग न पचता बाहेर पडतो. अंगी लागतो तो ढोबळमानाने दहावा हिस्सा. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते, तथापि समजुतीसाठी ते पुरेसे आहे. वर्गात हे ज्वारीच्या दाण्यांनी दाखविता येते. एका ताटात १,००० दाणे ठेवावेत व ते गवत समजावे. त्यांतील १०० दाणे दुसऱ्या ताटात घ्यावेत. हा नाकतोड्यांचा वाटा. त्यांतील १० दाणे बेडकांचे आणि त्यांतील एकच दाणा सापाचा. चार ताटे शेजारी ठेवताच, शिकारी प्राणी संख्येने थोडे का असतात आणि गायरान उजाड झाले तर सर्वांत आधी तेच का उपाशी मरतात, हे मुलांस निराळे सांगावे लागत नाही.

तृणभक्षी प्राणी

गवत, पाने, फळे, बिया व मुळे यांवर जगणारे प्राणी हे तृणभक्षी अथवा शाकाहारी होत. गवतातील काष्ठमय तंतू पचविणे सोपे नाही. गाय-म्हशींच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव वस्ती करून असतात व ते हे तंतू कुजवून त्यांचे अन्नात रूपांतर करतात. घाईघाईने गिळलेला चारा निवांत वेळी पुन्हा तोंडात आणून चघळणे म्हणजे रवंथ. गायीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्या जागी कठीण हिरडी असते व जिभेने ओढलेले गवत ती या हिरडीवर दाबून तोडते. गोठ्यात वाढलेल्या मुलांपैकीही फार थोड्यांनी हे पाहिलेले असते. घरी जाऊन वडीलधाऱ्यांच्या देखत पाहून येण्यास सांगितल्यास दुसऱ्या दिवशी वर्गात उत्साहाने चर्चा होते.

गवताचे मांसात, दुधात व शेणात रूपांतर करणे हे तृणभक्ष्यांचे पहिले कार्य. हे रूपांतर झाले नाही तर मांसभक्ष्यांस अन्नच उरणार नाही. परंतु त्यांचे कार्य एवढ्यावर संपत नाही. बुलबुल व वटवाघूळ फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. जुन्या भिंतीच्या फटीत, विहिरीच्या कडेला उगवलेले वड-पिंपळाचे रोप हे बहुधा त्यांचीच देणगी असते. शेळ्या-मेंढ्यांनी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या की बिया लेंड्यांतून माळावर पसरतात. मधमाश्या व फुलपाखरे मधासाठी फुलांवर जातात आणि त्यांच्याकडून परागीभवन घडते. शेण जमिनीत मुरते. शेणकिडे त्याच्या गोळ्या करून मातीत पुरतात व जमीन सकस होते.

तृणभक्ष्यांची संख्या गवताच्या मानाने वाढली म्हणजे हेच उपकारक कार्य अपकारक ठरते. गवत मुळापर्यंत खुडले गेले तर पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उघडी माती वाहून जाते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने १९९० नंतरच्या दशकात जी पथ्ये स्वीकारली, त्यांत चराईबंदी हे एक प्रमुख होते. डोंगरावर गुरे मोकळी न सोडता गवत वाढू द्यावे व ते कापून गोठ्यात आणावे, असा हा नियम. पाणी अडविण्याच्या कामांबरोबर या नियमाने डोंगर पुन्हा हिरवे झाले. गुरांची संख्या आणि गवताची वाढ यांचा मेळ माणसाने बुद्धीने घातल्याचे हे उदाहरण आहे. रानात हाच मेळ घालण्याचे काम मांसभक्षी प्राणी करतात.

मांसभक्षी प्राणी

दुसऱ्या प्राण्यांना मारून खाणारे ते मांसभक्षी. मांजरीच्या तोंडाकडे पाहिले तर लांब सुळे व कात्रीप्रमाणे एकमेकींवर घसटणाऱ्या धारदार दाढा दिसतात. पकडणे व कापणे ही त्यांची कामे. चघळण्याची सोय तेथे नाही. मांस लवकर पचत असल्याने मांसभक्ष्यांचे आतडेही तृणभक्ष्यांच्या मानाने आखूड असते.

मांसभक्षी म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. परंतु मांसभक्षी प्राणी प्रत्येक बांधावर आहेत. कोळी, चतुर, प्रार्थनाकीटक, पाल, सरडा, बगळा, खंड्या हे सर्व मांसभक्षीच. बेडकाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. डबक्यातील त्याची शेपटीवाली पिल्ले बव्हंशी शेवाळ खरवडून जगतात; पाय फुटून जमिनीवर आलेला बेडूक मात्र किडे खातो. एकच जीव वयाप्रमाणे आपला रकाना बदलतो. भातशेतीत कीड खाण्याचे काम तो मोबदल्याशिवाय करीत असतो. एके काळी बेडकांचे पाय परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार भारतात चालत असे. शेतांतून बेडूक नाहीसे होऊ लागल्याने होणारी हानी ध्यानात आल्यावर १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली.

उंदरांचे उदाहरण तर प्रत्येक शेतकऱ्यास पटणारे आहे. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेताला अनेक पिल्ले देते. तीही दोन-तीन महिन्यांत वीण देऊ लागतात. ही वाढ आवरण्यासाठी निसर्गाने धामण, घुबड, मुंगूस, रानमांजर असे अनेक राखणदार ठेवले आहेत. गव्हाणी घुबड पडक्या वाड्यांत व देवळांच्या शिखरांत राहते आणि रात्री उंदीर टिपते. ते भक्ष्य सहसा सबंध गिळते व न पचलेली हाडे आणि केस यांची गोळी तोंडावाटे टाकून देते. अशी वाळलेली गोळी घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली सापडल्यास शिक्षकांनी ती काडीने उकलून मुलांस उंदराची कवटी व दात दाखवावेत आणि नंतर सर्वांचे हात साबणाने धुवून घ्यावेत. ‘अशुभ’ म्हणून हाकलले जाणारे हे पाखरू प्रत्यक्षात धान्याच्या कणगीचा पहारेकरी आहे, हे मुलांच्या ध्यानात त्या कवट्या पाहून जितके येईल तितके व्याख्यानाने येणार नाही.

धामणीचेही असेच. ती बिनविषारी आहे. तरीही लांबी व वेग पाहून लोक तिला मारतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप मात्र मुलांना चित्रावरून ओळखता आले पाहिजेत. येथे शिक्षकांनी दोन सूचना स्पष्ट द्याव्यात. कोणताही साप मुलांनी पकडू नये, डिवचू नये व बिळात हात घालू नये. आणि सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सर्पविषावरील लस मिळणाऱ्या दवाखान्यात जावे. सापाचे निसर्गातील महत्त्व सांगणारा पाठ मुलास निष्काळजी बनविणारा होऊ नये.

सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या माळरानांवर मोठे मांसभक्षी व मोठे तृणभक्षी यांचा संबंध दिसतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. काळवीट हे माळावरचे गवत खाते आणि लांडगा हा त्याचा जुना शिकारी. लांडग्याच्या तावडीत बहुधा दुबळे, आजारी किंवा कोवळे जनावर सापडते. कळप चपळ राहतो व गवतास उसंत मिळते. मात्र रानातील भक्ष्य कमी झाले की लांडगा धनगरांच्या मेंढ्यांकडे वळतो आणि मग त्याच्या बिळात धूर सोडला जातो. मेंढपाळाचे नुकसान खरे आहे. ते लहान लेखून लांडग्याचे गुणगान केल्यास वर्गातील मेंढपाळाचे मूल मनातून दुरावेल. रानात काळवीट व ससा राहिला तर मेंढीवरचा धोका कमी होतो, हा दुवा त्यास दाखवून द्यावा.

मिश्राहारी प्राणी

वनस्पती व मांस दोन्ही खाणारे ते मिश्राहारी. कावळा, कोंबडी, साळुंकी, डुक्कर, अस्वल व माणूस हे यातले. अस्वल वाळवी, मध, फळे व मोहाची फुले खाते. कोल्हा उंदीर-खेकड्यांबरोबर बोरेही आवडीने खातो. नांगरामागून चालणारी साळुंकी हुमणीच्या अळ्या टिपते व वडाची फळेही खाते. सोलापूरजवळ नान्नज येथील अभयारण्य ज्या पक्ष्यासाठी १९७९ साली स्थापन झाले, तो माळढोकही मिश्राहारीच. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि ज्वारीचे दाणे असे त्याचे नानाविध अन्न. तरीही तो आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. अन्न कितीही प्रकारचे चालले तरी अंडी घालण्यास मोकळे माळरानच उरले नाही तर उपयोग काय, हा त्यातील धडा आहे.

मिश्राहारी प्राण्यास एका प्रकारचे अन्न संपले तरी दुसऱ्यावर निभावता येते. त्यामुळे तो सहसा तग धरतो आणि एकाच वेळी अनेक साखळ्यांना जोडून ठेवतो. माणसास मात्र त्याचे काम ओळखणे अवघड जाते. कारण त्याचे एक खाणे डोळ्यांवर येते व दुसरे नजरेआड राहते. चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या, डास व चिमण्या या चार ‘उपद्रवी’ जीवांविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडण्यात आली. चिमणी धान्य खाते हा तिच्यावरील आरोप. थाळ्या व ढोल बडवून चिमण्यांना बसू न देता दमवून मारण्यात आले, घरटी मोडण्यात आली. पण चिमणी आपल्या पिल्लांना मुख्यत्वे अळ्या व किडे भरविते, ही गोष्ट हिशेबात धरली गेली नव्हती. चिमण्या गेल्या आणि पिकांवर कीड माजली. अखेर १९६० साली यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालण्यात आले. त्या वर्षांत चीनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे अनेक होती; परंतु चिमण्यांच्या संहाराने संकटात भरच पडली.

मेलेल्यांस खाणारे : गिधाडांची कथा

काही मांसभक्षी शिकार करीत नाहीत. मेलेले जनावर खातात. पाठ्यपुस्तकांत त्यांस बहुधा एखादे वाक्य मिळते. परंतु महाराष्ट्रातील, किंबहुना सर्व भारतातील खेड्यांना या विषयाचे मोल ज्याने शिकविले, ते उदाहरण येथेच आहे.

पूर्वी बैल किंवा गाय मेली की ती गावाबाहेर ओढून नेत. थोड्याच वेळात आकाशात घिरट्या दिसत आणि गिधाडांचा थवा उतरे. मोठा थवा तासाभरात बैलाचा केवळ सांगाडा उरवी. गिधाडाच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असल्याने कुजक्या मांसातील कित्येक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. गावाची ही आरोग्यसेवा बिनखर्चाची होती, म्हणूनच कोणाच्या ध्यानी-मनी नव्हती.

१९९० नंतर गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूर येथे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षितज्ज्ञांना ही घट प्रथम प्रकर्षाने जाणवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीच्या गिधाडांच्या दोन जाती सुमारे ९७ टक्के घटल्या. पक्षी माना खाली टाकून झाडावर बसत व काही काळाने मरून पडत. साथीचा रोग असावा असा प्रथम तर्क होता. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून खरे कारण उघड झाले. दुखणे व सूज कमी करण्यासाठी गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे ते कारण. हे औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. एका जनावरावर मोठा थवा तुटून पडत असल्यामुळे शंभरांत एकाहून कमी जनावरे अशी विषारी असली तरी सर्वनाशास पुरेशी होतात, असे गणिताने दिसून आले. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली तूट भरून येण्यास पिढ्या लागतात.

गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे गावाबाहेर कुजत पडू लागली. ते अन्न भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास आले व कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्र्यास गिधाडाइतक्या वेगाने साफसफाई करता येत नाही, आणि पिसाळण्याचा रोग मात्र तो माणसापर्यंत आणतो. कुजके मांस ओढ्या-विहिरींच्या पाण्यात मिसळण्याचाही धोका वाढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, पूर्वी जेथे गिधाडे विपुल होती अशा जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना करण्यात आली. त्यावरून, २००० ते २००५ या वर्षांत गिधाडांच्या अभावामुळे भारतात दरवर्षी सुमारे १ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज निघाला. कुरूप म्हणून ज्याचे चित्रही मुले काढीत नाहीत, त्या पक्ष्याच्या जाण्याची ही किंमत होय.

साखळी येथेही थांबत नाही. भटकी कुत्री हे बिबळ्याचे सुलभ भक्ष्य आहे. अकोले तालुक्यात बिबळ्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा पाळीव कुत्र्यांचा वाटा त्यात सर्वांत मोठा आढळला. गावचा उकिरडा उघडा, म्हणून कुत्री पुष्कळ. कुत्री पुष्कळ, म्हणून उसातला बिबळ्या गावाजवळ. हा क्रम मुलांकडून काढवून घेतल्यास ग्रामस्वच्छता हा विषय अन्नसाखळीच्या पाठास आपोआप जोडला जातो.

उपायही झाले आहेत. २००६ साली भारतात गुरांसाठी डायक्लोफिनॅक तयार करण्यास बंदी घालण्यात आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील औषध चोरवाटेने गुरांना टोचले जाऊ लागल्याने, २०१५ साली त्याच्या एका बाटलीत ३ मिलिलिटरपेक्षा अधिक औषध असू नये असा नियम झाला. गिधाडांस घातक ठरलेली किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक ही औषधेही २०२३ साली गुरांसाठी वर्ज्य करण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक असे पर्यायी औषध उपलब्ध आहे. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास करण्याचे केंद्र चालते. महाराष्ट्रात रायगड, नाशिक व गडचिरोली या जिल्ह्यांत काही ठिकाणी गिधाडे अद्याप आहेत. शिक्षकांचा वाटा लहान परंतु खरा आहे. जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकास दाखवावे, बाटलीवरचे नाव वाचावे व मेलॉक्सिकॅमची मागणी करावी, एवढा निरोप चौथीतील मूल घरी बिनचूक नेऊ शकते.

पाठ घेताना

प्रथम मुलांना तासभर बांधावर व ओढ्यावर न्यावे. ‘मी पाहिले’ व ‘मी ऐकले’ असे दोन भाग करून प्रत्येकाने वहीत प्राण्याचे नाव आणि तो काय खाताना दिसला हे लिहावे. गावातील बोलीनावे जशीच्या तशी घ्यावीत. ग्रंथांतील नावे नंतर सांगावीत. परत आल्यावर मुलांना वर्तुळात उभे करून प्रत्येकास एकेका सजीवाचे नाव द्यावे : गवत, ज्वारी, नाकतोडा, उंदीर, बेडूक, धामण, घुबड, कोंबडी, कुत्रा, माणूस. जो ज्यास खातो त्याच्याशी सुतळीने जोडावा. जाळे तयार झाले की एका मुलास, समजा बेडकास, सुतळी सोडून खाली बसण्यास सांगावे. ज्यांच्या हातातील सुतळी सैल पडली त्यांनीही बसावे. खेळ संपेपर्यंत किती मुले उभी राहिली ते मोजावे आणि कारणे मुलांच्या तोंडून काढावीत.

पुढील चुका मुले वारंवार करतात, त्या वेळीच दुरुस्त कराव्यात. साखळी लिहिताना बाणाचे टोक खाणाऱ्याकडे असते, कारण अन्न त्याच्याकडे जाते. मुले ते उलटे काढतात. गांडूळ, बुरशी व जंतू यांना मुले यादीतून वगळतात. परंतु मेलेले व टाकलेले सर्व कुजवून मातीस परत करणारे हे विघटक नसतील तर साखळीचे वर्तुळ पूर्णच होत नाही. वाघ हा ‘दुष्ट’ व हरीण ‘गरीब’ हा गोष्टींतला न्यायही येथे लागू नाही. प्राणी भुकेपोटी खातो; त्यात पाप-पुण्य नाही.

शेवटची सूचना विशेष काळजीने पाळावयाची आहे. शाकाहारी व मांसाहारी हे शब्द आपल्या भाषेत माणसांच्या जेवणासही लावले जातात आणि तेथे त्यांना घराण्याचा, जातीचा, मोठेपणाचा वास चिकटतो. हा पाठ चालू असताना वर्गातले एखादे मूल दुसऱ्यास ‘तू मांसाहारी’ असे हिणवू शकते. माणसाच्या तोंडी पटाशीचे ८ दात, ४ सुळे, ८ उपदाढा व १२ दाढा अशी ३२ दातांची मिश्र रचना आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने मनुष्यजात मिश्राहारी आहे. यातून कोणी काय खावे हे ठरत नाही. ते ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीवर, ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून आहे. कोणाच्या घरी ओढ्याचे खेकडे शिजतात, कोणाच्या घरी वरण-भात. दोन्ही घरची मुले एकाच पंगतीस बसली पाहिजेत. बांधावरच्या सापापासून आकाशातील गिधाडापर्यंत प्रत्येकाचे काम समजावून देणाऱ्या शाळेत एखाद्या मुलास आपला डबा झाकून जेवावे लागू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या गावात पूर्वी दिसणारा पण आता न दिसणारा एक प्राणी किंवा पक्षी कोणता? घरातील वृद्ध माणसांस विचारून लिहा. तो काय खात असे व त्यास कोण खात असे?

२. शेतातील सर्व बेडूक नाहीसे झाले तर कोणाची संख्या वाढेल व कोणाची घटेल? कारण द्या.

३. चिमणी शेतकऱ्याची शत्रू की मित्र? दोन्ही बाजूंनी दोन-दोन वाक्ये लिहा.

४. गावात मेलेल्या जनावराची विल्हेवाट आज कशी लावली जाते? पूर्वी कशी लावली जाई? फरक सांगा.

५. गवतापासून आरंभ होऊन माणसापाशी संपणाऱ्या तीन निरनिराळ्या साखळ्या काढा. त्यांतील सर्वांत आखूड कोणती व तिच्यात धान्य सर्वांत कमी का वाया जाते, ते ज्वारीच्या दाण्यांच्या प्रयोगावरून सांगा.